कोकणातून स्पीच थेरपिस्ट व्हायचे असेल तर: बारावीपासून एम.एस्सी.पर्यंत

बारावीचा निकाल लागला की मला फोन येऊ लागतात. कुणाची पुतणी असते, कुणाच्या शेजारचा मुलगा असतो. विचारणे एकच: "ताई, तुमच्यासारखं व्हायला काय करायचं?" दहा मिनिटांच्या फोनवर सगळे सांगून होत नाही, आणि अर्धवट ऐकून भलत्या कोर्सला पैसे भरलेली मुले मी पाहिली आहेत. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. मी सिंधुदुर्गात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे उदाहरणे इथली येतील. पण अलिबागपासून बांद्यापर्यंत कुणालाही यातले बहुतेक सगळे लागू पडेल.

आधी काम बघा, मग फॉर्म भरा

"तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवतात ते" एवढीच या कामाची ओळख बहुतेकांना असते. माझ्याकडे दिवसभरात कोण कोण येते ते सांगते. तीन वर्षांचा, अजून 'आई'ही न म्हणणारा मुलगा. अर्धांगवायूनंतर शब्द हरवलेले निवृत्त मास्तर. टाळू फाटलेली, ऑपरेशन झालेली पण अजून नाकात बोलणारी मुलगी. बोलताना अडखळतो म्हणून तोंडी परीक्षा टाळणारा कॉलेजचा मुलगा. दशावतारात काम करून आवाज बसलेला माणूस. तंबाखूमुळे कॅन्सर होऊन स्वरयंत्र काढावे लागलेले काका. पाणी प्यायल्यावर प्रत्येक वेळी ठसका लागणारी आजी. गिळण्याची अडचणही आमच्याच कामात येते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानतो. त्यांत वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व स्वतंत्रपणे आले आहे, आणि स्वरयंत्र काढणे व वाचाघात (मेंदूला इजा होऊन शब्द हरवणे) या दोन्हींचा त्यात नावानिशी उल्लेख आहे.

ठरवण्याआधी हे काम डोळ्यांनी बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि अडचण आढळलेली मुले जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवली जातात. तिथे जाऊन रीतसर परवानगी मागा, दोन दिवस कोपऱ्यात बसू द्या म्हणा. मोबाइल पिशवीत ठेवा. थेरपिस्ट मुलाला काय विचारते यापेक्षा विचारून झाल्यावर ती किती वेळ थांबते, तिकडे लक्ष द्या. 'बॉल दे' म्हटल्यावर मूल पाच सेकंद, सात सेकंद नुसते बघत राहते. खोलीतल्या सगळ्यांना वाटते, आपणच उत्तर देऊन टाकावे. ती देत नाही. ती शांतता तुम्हाला सोसवत असेल तर हे काम तुम्हाला जमेल. एका 'प'साठी तीन आठवडे लागतात आणि चौथ्या आठवड्यात मूल तापाने आजारी पडून तो 'प' विसरून येते, याचीही तयारी हवी.

एक फरक लगेच समजून घ्या. कान-नाक-घशाचे डॉक्टर वेगळे, विशेष शिक्षक वेगळे, आम्ही वेगळे. तिघांची गाठ रोज पडते, पण शिक्षण वेगळे आणि नोंदणीही वेगळी. 'श्रवण, भाषा व वाचा' या विषयाचा एक वर्षाचा डिप्लोमाही असतो. तो उपयोगाचा आहे, पण त्यावर तुम्ही मदतनीस होता, स्वतंत्र थेरपिस्ट होत नाही. जाहिरातीत "एका वर्षात स्पीच थेरपिस्ट व्हा" असे दिसले तर तिथे पैसे भरू नका.

बारावी, नीट आणि सेतू केंद्रातली रांग

पदवीचे नाव बीएएसएलपी. श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचार हे दोन्ही विषय त्यात एकत्र शिकवतात. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी एकूण चार वर्षे. त्यानंतर दोन वर्षांची एम.एस्सी. धरा, म्हणजे बारावीनंतर सहा वर्षे. घरी बोलताना हा आकडा पहिल्याच दिवशी सांगा. मधेच कळला की घरचे धास्तावतात.

बारावीला विज्ञान शाखा लागते. महाराष्ट्रातल्या आरोग्य विद्यापीठाच्या कॉलेजांत प्रवेश 'नीट' ही परीक्षा दिल्यानंतर राज्याच्या सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतो, म्हणजे जीवशास्त्र हवेच. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी ज्या यादीत असतात त्याच यादीत बीएएसएलपी असते. मुले पसंतीक्रम भरताना नेमकी ही ओळ वगळतात, कारण हे नाव त्यांनी कधी ऐकलेले नसते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासूनची. ती स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत आली आहे आणि तिथे भौतिक व रसायनशास्त्राबरोबर गणित घेतलेल्यांनाही वाट असते. कोकणातल्या मुलांना म्हैसूर फार लांब वाटते. पण घाट चढून मिरजेला गेलात की दादर–म्हैसूर शरावती एक्सप्रेस मिळते. तिथे एक कन्नड वाक्य येत नसताना गेलेली मुलेही सहा महिन्यांत बाजारहाट करू लागतात. परक्या भाषेत चाचपडण्याचा तो अनुभव पुढे वाचाघाताच्या पेशंटसमोर बसल्यावर फार कामी येतो.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ ची. नायर रुग्णालयाला जोडलेल्या टोपीवाला मेडिकल कॉलेजमध्येही हा अभ्यासक्रम चालतो, आणि पुण्यात भारती विद्यापीठात. आपल्याकडच्या मुलांना मुंबई सोयीची पडते. तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरले की वांद्रे फार दूर नाही, आणि गणपतीला घरी येता येते. हे क्षुल्लक कारण नाही. चार वर्षे टिकून राहायला असे आधार लागतात.

कॉलेज कोणतेही असो, पैसे भरण्याआधी भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरची यादी उघडा. कॉलेजचे नाव यादीत आहे एवढ्यावर थांबू नका. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमच्या प्रवेशाचे वर्ष, दोन्हींना मान्यता आहे का ते पाहा. मान्यता ठरावीक मुदतीची असते. पदवी हातात आली पण परिषदेची नोंदणी होत नाही, ही वेळ कुणावर येऊ नये. प्रवेशाचे बारीक नियम दरवर्षी हलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मागच्या वर्षी गेलेल्या ताईच्या तोंडी माहितीवर विसंबू नका, माझ्याही नाही.

कागदपत्रांचे एवढेच: अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमी लेयर, यांतले तुम्हाला जे लागू असेल ते परीक्षेआधीच काढून ठेवा. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात अख्खा तालुका उभा असतो, आणि पाऊस सुरू झाला की सर्व्हर आणि वीज दोन्ही जातात.

पदवीची चार वर्षे: कान तयार करायचा

पहिल्या वर्षी शरीररचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि थोडे इलेक्ट्रॉनिक्सही येते. मुले शरीररचना घोकतात आणि भाषाशास्त्राकडे दुर्लक्ष करतात. माझा अनुभव उलट सांगतो. स्नायूंची नावे पुस्तकात पुन्हा सापडतात, पण ऐकलेला आवाज नेमका कागदावर उतरवण्याची सवय त्या वयात लागली तरच लागते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकवतात. ती मन लावून शिका, कारण आपली देवनागरी काही ठिकाणी हात टेकते. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहायला एकच, आणि तोंडात 'ज' दोन वेगळे. मराठी माणूस ते जन्मभर बरोबर म्हणतो, पण फरक काय केला ते सांगता येत नाही. तुम्हाला सांगता आले पाहिजे: जीभ कुठे टेकली, किती मागे, हवा कशी सुटली.

इथे माझी एक चूक सांगते, कारण त्या चुकीने मला जेवढे शिकवले तेवढे एका सत्राने शिकवले नाही. दुसऱ्या वर्षाला होते. उरणकडची पाच वर्षांची एक मुलगी तपासायला आली. चित्र दाखवायचे, शब्द काढून घ्यायचा, जसा ऐकू आला तसा लिहायचा. शाळेच्या चित्राला ती म्हणाली 'शाला'. डोळ्याला 'डोला'. पाण्याला 'पानी'. मी भराभर लिहीत गेले: ळच्या जागी ल, णच्या जागी न. मासे धरणाऱ्या माणसाचे चित्र दाखवले, ती म्हणाली 'तोली'. तेही त्याच रांगेत लिहिले आणि खाली शेरा मारला, उच्चारदोष, 'ळ' आणि 'ण' शिकवणे.

आमच्या मॅडमनी कागद वाचला आणि विचारले, "आईशी किती बोललीस?" मी जन्माचा, आजारपणाचा इतिहास विचारला होता, बस्स. त्या मला घेऊन बाहेर बाकड्यावर आल्या आणि आईला म्हणाल्या, "घरी काय काय शिजवता, सांगा बघू." आई पाच मिनिटे बोलली. तिच्याही बोलण्यात शाला होती, पानी होते, डोला होता. आगरी घरातली बाई आगरी बोलत होती आणि लेक आईसारखी बोलत होती. मग मॅडमनी 'तोली' या शब्दावर बोट ठेवले. "यातला ल घरचा आहे. त घरचा आहे का?" नव्हता. आई 'कोली' म्हणत होती. मुलगी 'क'च्या जागी 'त' म्हणत होती. काकीला 'ताती', केसाला 'तेस'. पाच वर्षांच्या मुलीला मदत लागणारी गोष्ट तीच होती, आणि ती मी दहा खोट्या चुकांच्या ढिगात पुरून टाकली होती.

कोकणातून येणाऱ्या विद्यार्थ्याने हे गाठीला बांधावे. मालवणी, आगरी, संगमेश्वरी, चित्पावनी, कोळी या आपल्या बोली आहेत. मूल 'मला' न म्हणता 'माका' म्हणाले, 'कुठे' न म्हणता 'खंय' म्हणाले, तर त्याची भाषा व्यवस्थित चालली आहे. शाळेतली प्रमाण मराठी ते शिकेल, पण ते बाईंचे काम आहे, उपचाराचे नाही. पहिल्या वर्षापासून एक वही ठेवा. सुट्टीत घरी आलात की आजी कशी बोलते, मासे विकायला येणारी कशी बोलते, कुठला आवाज कुठे बदलतो, ते तारीख-गावासह लिहा. कॉलेजात गेल्यावर बोलीची लाज वाटून ती सोडणारी मुले पाहिली की वाईट वाटते. चार वर्षांनी पेशंटसमोर तीच बोली लागणार असते.

नाकातल्या आवाजाचेही तसेच. आपल्याकडे 'खंय', 'हंय' म्हणताना स्वर नाकातून जातो, चित्पावनीत तर फारच. टाळूतून हवा गळणाऱ्या मुलाचे नाकात बोलणे वेगळे. त्याच्या 'प' आणि 'ब'मध्येही हवा नाकातून सुटते, त्यामुळे 'पापा' मऊ पडतो आणि 'मामा'सारखा ऐकू येऊ लागतो. तपासायला एक छोटा आरसा पुरतो. तो नाकपुड्यांखाली आडवा धरायचा आणि मुलाला म्हणायला सांगायचे, "ताई, पपई काप." या वाक्यात एकही अनुनासिक नाही, म्हणजे आरसा कोरडा राहायला हवा. धूसर झाला तर हवा गळते आहे. मग "मामा, नाना" म्हणायला लावायचे. तिथे सगळ्यांचाच आरसा धूसर होतो, आणि आपण आरसा बरोबर धरला आहे याची खात्री होते. वाक्य संपताच आरसा काढून घ्यायचा, नाहीतर पुढच्या श्वासाची वाफ बसते. कोकणात जुलै महिन्यात थंड आरसा नुसता हवेनेच दमट होतो, म्हणून दर वाक्याआधी तो कोरडा पुसायचा आणि धरण्याआधी एकदा बघायचा. पावसाळ्यात इथे काम केले की या गोष्टी आपोआप सुचतात.

इंटर्नशिपचे वर्ष सुट्टीसारखे घालवू नका. निवड करता आली तर मोठ्या सरकारी रुग्णालयात जास्त दिवस मागा, जिथे मेंदूविकाराचा, कान-नाक-घशाचा आणि नवजात बाळांचा विभाग एका आवारात असतो. खासगी क्लिनिकमध्ये एसी असतो, पण तिथे बहुतेक एकाच प्रकारची मुले येतात. आणि एक नियम स्वतःला लावून घ्या: उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी आधी, उपचार नंतर. "फटाका वाजला की दचकतो, म्हणजे ऐकू येतं" असे घरचे म्हणतात. फटाका ऐकू येतो आणि 'स' ऐकू येत नाही, अशी मुले असतात.

एम.एस्सी. करायची का, आणि कशात

बीएएसएलपी झाल्यावर नोंदणी करून काम करता येते. मग एम.एस्सी. कशाला, हा प्रश्न रास्त आहे. घरची स्थिती ओढगस्तीची असेल तर दोन वर्षे काम करून मग जा, त्यात कमीपणा नाही. उलट पेशंट बघून आलेल्या मुलांना वर्गात नेमके काय विचारायचे ते कळते. पण शिकवायचे असेल, मोठ्या रुग्णालयात जायचे असेल, किंवा गिळण्याच्या आणि मेंदूविकाराच्या पेशंटना आत्मविश्वासाने हात लावायचा असेल, तर एम.एस्सी. करा. पदवीत या विषयांची तोंडओळख होते, हात बसतो पदव्युत्तर वर्षांत.

आता दोन स्वतंत्र पदव्या आहेत, एम.एस्सी. ऑडिओलॉजी आणि एम.एस्सी. स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. दोन्ही दोन वर्षांच्या, चार सत्रांच्या. महाराष्ट्रात दोन्हींसाठी सीईटी सेलची एकत्र परीक्षा होते, म्हैसूरची प्रवेशपरीक्षा वेगळी. यंत्रे, मोजमाप, श्रवणयंत्रे यांत तुमचे मन रमते की माणसांशी तासन्‌तास बोलण्यात, एवढे इंटर्नशिपमध्ये कळलेले असते. त्याप्रमाणे निवडा. मैत्रिणीने घेतले म्हणून घेऊ नका. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: कोकणात परत येणार असाल तर वाचा-भाषा विषय घेतला तरी श्रवणयंत्राचा हात सोडू नका. इथे जवळ दुसरे कुणी नसते. श्रवणयंत्र लावलेले मूल आले की तोंड झाकून, ओठ न दिसू देता सहा आवाज म्हणायचे: म, ऊ, आ, ई, श, स. मुलाने ते परत म्हणायचे किंवा ऐकू आला की डब्यात मणी टाकायचा. काल 'स' येत होता आणि आज येत नाही, तर बहुतेक वेळा यंत्रात दमटपणा शिरलेला असतो. आईला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून रात्री यंत्र त्यात ठेवायला शिकवा. आपल्या हवेत हे औषधाइतके गरजेचे आहे.

अभ्यासक्रमात सगळ्यात जड जातो तो गिळण्याचा विषय, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचाही तोच. अर्धांगवायूनंतर पाण्यासारखा पातळ पदार्थ घशात वेगाने उतरतो, श्वासनलिका झाकायला शरीराला वेळ मिळत नाही आणि पाणी फुप्फुसाकडे जाते. म्हणून काही पेशंटना दाट द्रव द्यायला सांगतात. दाट म्हणजे किती, याचे जगभर वापरले जाणारे माप आहे, शून्य ते सात असे आठ स्तरांचे. खालचे स्तर मोजायला दहा मिलिलिटरची सिरिंज लागते. खालचे तोंड बोटाने बंद करून नळी भरायची, मग बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचे आणि उरले किती ते बघायचे. जवळजवळ सगळे वाहून गेले तर पातळ. चार ते आठ मिलिलिटर उरले तर स्तर दोन. आठच्या वर उरले तर स्तर तीन.

शहरात यासाठी तयार पावडरचा डबा लिहून देतात. खेड्यात तो परवडत नाही आणि मिळतही नाही. आपल्याकडे पेज असते. पण पेज जशीच्या तशी धोक्याची आहे, हे एम.एस्सी.त शिकल्याशिवाय लक्षात येत नाही. तिच्यात पातळ निवळ आणि शिते एकत्र असतात. तोंडात शिते चावेपर्यंत निवळ घशात उतरून गेलेली असते. म्हणून ती मऊ शिजवून, घोटून, गाळून एकसारखी करायची, मग सिरिंजने मोजायची, आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजायची, कारण पेज थंड होताना दाट होते. उष्टा चमचा भांड्यात परत घालायचा नाही, लाळेने ती पुन्हा पातळ होते. हे सगळे पेशंटची तपासणी झाल्यावरच. कुणाला कोणता स्तर चालेल हे घरी अंदाजाने ठरवायचे नसते. पण एखाद्या सुनेसमोर चुलीपाशी बसून तिच्याच पातेल्यातली पेज सिरिंजने मोजून दाखवली की ती पुढे बरोबर करते. छापील कागद दिला तर तो देव्हाऱ्यामागे जातो.

वाचाघाताबद्दल एकच दृश्य सांगते. भजनात गाणारे एक बुवा, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आलेला. बायकोचे नाव विचारले तर ओठ हलत, डोळ्यांत पाणी येई, शब्द येत नसे. मी हलकेच टाळ्यांचा ठेका धरला आणि 'जय जय राम कृष्ण हरी' सुरू केले. तिसऱ्या आवर्तनाला ते शब्दासकट म्हणू लागले. बायको दारातच खाली बसली. पाठ झालेले, सुरात बसलेले बोलणे अशा पेशंटमध्ये पुष्कळदा शाबूत राहते, कारण ते नव्याने शब्द शोधून बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येते. ते ऐकून घरच्यांना वाटते, आता बोलायला लागले. तसे नसते, आणि हे त्यांना त्याच दिवशी, त्याच आनंदात, सांभाळून सांगावे लागते. तिथून एक एक शब्द कामाचा करत न्यायचा. हरी, मग घरातले नाव, मग 'चहा'. दोन वर्षांत वर्गात जे शिकाल त्यातले अर्धे या एका संभाषणाची तयारी असते.

प्रबंधाचा विषय निवडताना घाई करू नका. मार्गदर्शक सांगतील तो सोपा विषय घेण्याचा मोह होतो. आपल्या किनाऱ्याकडे बघा. मालवणी बोलणारी मुले कोणता आवाज कोणत्या वयात पक्का करतात, दशावतारी कलाकारांच्या आवाजावर रात्रभराच्या प्रयोगाचा काय परिणाम होतो, असे विषय वाट बघत आहेत. तुम्हाला ती माणसे ओळखीची आहेत, घरात शिरता येते, भाषा येते. ही सोय म्हैसूर किंवा मुंबईत बसलेल्या संशोधकाकडे नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी मात्र वेळेत घ्या, तिला महिने लागतात.

नोंदणी

भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे काम करता येत नाही. तसे केल्यास शिक्षेची तरतूद आहे. इंटर्नशिप पुरी झाल्याचे प्रमाणपत्र मिळताच अर्ज करा. नोंदणी क्रमांक मिळाला की तो शिक्क्यावर, लेटरहेडवर, पाटीवर लिहा. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात. ते शेवटच्या वर्षावर ढकलू नका. इथून प्रत्येक कार्यशाळेला रात्रीची गाडी पकडून जावे लागते.

परत आल्यावर

जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रातली पदे बहुधा कंत्राटी असतात. तरीही सुरुवात तिथे करा, कारण पेशंटचे वैविध्य तिथेच मिळते. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला गेल्या काही वर्षांत सरकारी मेडिकल कॉलेजे आली आहेत, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. स्वतःचे क्लिनिक काढणार असाल तर आठवडी बाजाराच्या दिवशी उघडे ठेवा. बाजाराला आलेली आई मुलाला घेऊन येते, एरवी फक्त थेरपीसाठी ती दिवसाची मजुरी बुडवू शकत नाही.

चित्रांचे तक्ते स्वतः बनवा. विकतच्या संचात इग्लू असतो, स्ट्रॉबेरी असते, बर्फातला माणूस असतो. वाचाघात झालेल्या खलाशाला ते दाखवून 'हे काय?' विचारणे हा त्याचा अपमान आहे. होडी, वल्हे, जाळे, बांगडा, फणस, कोयता, माड, एसटी यांचे फोटो मोबाइलवर काढा आणि लॅमिनेट करा. कोकमाचे सरबत मात्र फोटोत ओळखू येत नाही, प्रत्यक्ष पेला दाखवावा लागतो.

घरच्यांशी बोलताना धीर ठेवा. "माझो झील अजून बोलना नाय, पण त्याचो बापूस पण उशिरा बोललो," हे तुम्ही शंभरदा ऐकाल. कुणी जीभ चिकटलेली आहे म्हणून तिच्याखालचा पडदा कापून आणलेला असेल, कुणी देवाला गाऱ्हाणे घालून आलेले असेल. त्यांना हसू नका, दटावूही नका. गाऱ्हाणे घालायला गेलेली आई दर सोमवारी न चुकता थेरपीलाही येते. तिला फक्त आधी कुणी सांगितलेले नसते.

पहिल्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या मासिक बैठकीला जा, पंधरा मिनिटे मागून घ्या. अर्ध्या कागदावर चार ओळी देऊन या. वर्षाचे मूल हाकेला वळत नाही. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नाही. पाणी पिताना कुणाला वारंवार ठसका लागतो. झटक्यानंतर घरातले कुणी गप्प झाले आहे. यांतले काहीही दिसले तर पाठवा, एवढेच सांगा. त्या कागदाच्या खाली तुमचा बसण्याचा वार, वेळ आणि जवळचा एसटी थांबा लिहा. पेशंट एसटीनेच येणार आहेत, तेव्हा त्यांच्या गावाची परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे तुम्हाला पाठ हवे.